उरलेलं कुणाच्या पोटात?

(गडचांदूर इथे बचत गट आणि महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय पत्रिकेवर असा छापलाय : 'खाण्यावर ताबा कसा ठेवावा?' हा विषय तुम्ही का निवडलात, ते सकाळपासून तुमच्याशी बोलताना कळलं. आशाताईंनी तिशीवरच्या बायांची तपासणी केली, बीपी मोजलं, बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिली आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या हातात दवाखान्याची चिठ्ठी पडली. तिथे गेलं की सल्ला ठरलेला. "वजन कमी करा, गोड-तेलकट बंद करा, टेन्शन घेऊ नका." दोन मिनिटांत बाई बाहेर. काय करायचं ते सांगून झालं, पण कसं करायचं ते कोण सांगणार? आज मी त्या 'कसं'बद्दल बोलणार आहे.

पण आधी 'ताबा' या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. बाईच्या बोलण्यावर ताबा, हसण्यावर ताबा, बाहेर जाण्यावर ताबा. आता जेवणावरही? वजन वाढलं की घरातले म्हणतात, "हिला खायला नको का, दिवसभर घरातच तर असते!" आणि आपणही ते खरं मानतो. माझ्या जिभेलाच लगाम नाही, माझंच मन कच्चं, असं म्हणत स्वतःला कोसत बसतो. मला आज एवढंच सांगायचंय की जास्त खाल्लं जाणं हा बहुतेक वेळा स्वभावाचा दोष नसतो. घरात कोण कधी जेवतं, काय हाताशी असतं, मनात काय साचलेलं असतं, याची ती साखळी असते. साखळीची एखादी कडी काढता येते. स्वभावाला शिव्या देऊन मात्र काही हाती लागत नाही.

एकाच घरात दोन्ही

आधी थोडे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी २४ टक्के जणींचं वजन उंचीच्या मानाने जास्त निघालं. त्याच पाहणीत १८.७ टक्के बाया गरजेपेक्षा रोड निघाल्या आणि ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे वजन जास्त आणि अंगात रक्त नाही, अशी बाईही याच देशात, कदाचित याच मंडपात बसलेली आहे. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा मधुमेहाचा मोठा अभ्यास २०२३ साली छापून आला. त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. शुगर हा शेठ-सावकारांचा आजार, असं म्हणायचे दिवस गेले.

म्हणून माझं बोलणं ऐकून कुणी उपाशी राहायला लागू नका. जिवतीच्या पहाडावरून इथे आलेल्या काही बहिणींना, कापूस वेचायला रिकाम्या पोटी जाणाऱ्या मजूर बायांना मला 'कमी खा' म्हणायचंच नाही. त्यांना म्हणायचंय, आधी वेळेवर पोटभर खा. आणि पुढे सांगते, जास्त खाणं थांबवण्याची पहिली पायरीसुद्धा तीच आहे.

दिवस कसा जातो ते पाहा

आपल्या गावातल्या एका बाईचा दिवस मांडून पाहू. ही कुणी एक बाई नव्हे, तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून मी जुळवलेली आहे. नवरा सिमेंट फॅक्टरीत, पाळीवर. सकाळची पाळी असली की ती पहाटे चारला उठणार, डबा करणार. उठल्या उठल्या साखरेचा चहा. पोरांची शाळा, दुसरा डबा, दुसरा चहा. सासूबाईंचा चहा झाला की त्यांच्यासोबत तिसरा. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, पण चहातून सात-आठ चमचे साखर जाऊन बसली. दुपारी पाळी सुटून नवरा येणार, त्याला गरम पोळी वाढणार. तो उठल्यावर हिचं ताट. तोवर पोटात कावळे कोकलतात, म्हणून उभ्या उभ्याच भात पोटात ढकलायचा. किती खाल्लं याचा पत्ता नाही, कारण पोट भरल्याची खबर डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि हिचं जेवण सात मिनिटांत आटोपलेलं असतं.

संध्याकाळी पोरं शाळेतून येतात. त्यांच्या पोह्यांतले दोन घास, पाकिटातला उरलेला चिवडा. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांड्याच्या तळाशी चार चमचे वरण, पोराने सोडलेली अर्धी पोळी, कढईला लागलेली भाजी. हे कुणाच्या पोटात? एक बाई मला म्हणाली, "फेकू कशी बाई? अन्न हाय ना ते!" खरंच आहे. अन्न फेकू नये, हे आपल्या रक्तात आहे. पण उरलेलं अन्न नाल्यात गेलं काय किंवा गरज नसलेल्या पोटात गेलं काय, वाया ते वायाच. दुसऱ्या वेळी पोटातून त्याची किंमतही वसूल होते, एवढाच फरक.

आता सांगा, या बाईचं मन कच्चं आहे का? ती दिवसाचे पहिले आठ तास उपाशी आणि पुढचे आठ तास उरलेल्याची राखणदार आहे.

उपाशी मन दुप्पट खातं

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण धडधाकट पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या संमतीने त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. पुरुष बरं का, ज्यांना कुणी 'खादाड' म्हणालं नव्हतं! त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्याशिवाय काही राहिनासं झालं. काही जण स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येक जण पोट तुडुंब भरलं तरी खातच राहिले. उपास घडला की शरीर पुढच्या दुष्काळाची तयारी करतं. ते त्याचं कामच आहे.

हे आपल्याला नवीन नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच घरात घडलीय. सकाळपासून उपास, मग साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, तळलेले बटाट्याचे काप. श्रद्धेने उपास करणारीला मी नको म्हणणार नाही. पण वजनासाठी म्हणून उपाशी राहत असाल तर तो सौदा तोट्याचा आहे. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नये. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून पहिली गोष्ट : सकाळी डबे भरताना पहिली भाकर स्वतःची. ज्वारीची भाकर आणि बरबटीची उसळ, नाहीतर पोळी आणि घट्ट वरण. डाळ-उसळ पोटात असली की भूक बराच वेळ दबून राहते. दोन चहा कमी होतील ते वेगळंच.

दारूच्या दुकानाकडून धडा

दुसरी गोष्ट सांगण्यासाठी मी तुमचीच लढाई आठवून देते. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. आपल्या जिल्ह्यात २०१० साली बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या, आणि १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०२१ साली सरकारने ती उठवली. त्या निर्णयावर आपल्यातही मतभेद असतील. पण आपण काय मागत होतो ते आठवा. दारुड्याला नुसतं 'मन घट्ट कर' म्हणून आपण थांबलो होतो का? आपण म्हणत होतो, कोपऱ्यावरचं दुकान हलवा. माणूस कामावरून दमून येताना वाटेत दुकान दिसतं, तिथे त्याचे पाय वळतात, हे आपल्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळत होतं. आणि नुसता कायदा आला म्हणून माणूस सुटत नाही, घरात आणि मनातही काम करावं लागतं, हेही आपण पुढे पाहिलं.

मग हीच अक्कल स्वतःच्या स्वयंपाकघरात का नको? नवऱ्यासाठी दुकान बंद करा म्हणणार आणि स्वतःला मात्र नुसतं 'मन घट्ट कर' म्हणणार? आपल्या घरातलं दुकान म्हणजे ओट्यावरचा फरसाणचा डबा, टीव्हीशेजारचं बिस्किटाचं पाकीट, पोराने आणलेली पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. २०१९ साली अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेत २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकिटातलं खाणं आणि दोन आठवडे साध्या पदार्थांचं ताजं जेवण दिलं. हवं तेवढं खा म्हणाले. पाकिटातल्या खाण्यावर असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, म्हणजे चार-पाच पोळ्यांइतकं. तेव्हा 'एक पुडी फोडली की थांबवत नाही' असं वाटलं तर लाजू नका. फोडलेली पुडी संपते, असाच त्या खाण्याचा गुण आहे.

म्हणून दुसरी गोष्ट : जे कमी खायचं ते डोळ्यांआड, उंच फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात. त्याहून चांगलं म्हणजे महिन्याच्या किराण्याच्या यादीतून काढलेलं. जे खायचं ते हाताशी : भाजलेले फुटाणे, शेंगदाण्याची एक मूठ, काकडी, ताक. पातेलं समोर घेऊन बसायचं नाही. ताटात वाढून घ्यायचं, पातेलं झाकून ओट्यावर ठेवायचं आणि मग बसायचं.

गिळलेले शब्द

पण बायांनो, सगळी भूक पोटातली नसते. रात्री भांडी घासून झाल्यावर, सगळे झोपल्यावर, आपण डबा उघडतो. तेव्हा पोट भरलेलं असतं. मग काय रिकामं असतं? कुणाचा दिवसभराचा राग असतो, कुणाचा एकटेपणा. कुणी नुसतीच इतकी दमलेली असते की तो लाडू म्हणजे दिवसभरात तिला मिळालेली एकच विश्रांती. जे तोंडातून बाहेर काढायची सोय नाही, त्यावर घास ठेवून आपण ते गिळतो. इंग्लंडमधल्या सुझी ऑरबाख या स्त्रीवादी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७८ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. बायांचं अनावर खाणं त्यांच्या समाजातल्या जागेशी जोडलेलं आहे, हे त्यांनी मांडलं. आणि बायांनी एकत्र बसून त्याबद्दल मोकळेपणी बोलावं, असा रस्ताही दाखवला. आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलतो तसं याबद्दलही बोलता येईल की!

म्हणून तिसरी गोष्ट : डब्याकडे हात गेला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. 'आत्ता भाजी-भाकर दिली तर खाईन का?' उत्तर 'हो' असेल तर ती खरी भूक आहे, बसून जेवा. 'नाही, मला फरसाणच पाहिजे' असं उत्तर आलं तर ती मनाची भूक आहे. ती लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. व्यसनमुक्तीच्या कामात अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने ही लाटेची युक्ती शिकवली. लाटेशी कुस्ती खेळायची नाही, ती येते-जाते ते पाहत राहायचं. दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेरी मारा, मैत्रिणीला फोन लावा, हातात शिवण घ्या. ज्या बायांनी खर्रा सोडलाय त्यांना हे माहीत आहे. आणि खर्रा सोडल्यावर भूक वाढते, तोंड सारखं चाळवतं, तेव्हा त्यांना तर ही युक्ती दुप्पट लागते. लाट ओसरली नाही तर थोडं ताटलीत घेऊन, बसून, चवीने खा. चोरून उभ्याने खाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

'जर-तर' बांधून ठेवा

'उद्यापासून कमी खाईन' हा संकल्प उद्या दुपारपर्यंत टिकतो. का? कारण त्यात कधी, कुठे, काय, यातलं काहीच नाही. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की संकल्प 'जर असं झालं, तर मी असं करीन' अशा शब्दांत बांधला की तो पाळला जाण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ साली ९४ अभ्यास एकत्र तपासल्यावरही हेच दिसलं. आपल्या भाषेत करून पाहू. 'जर पोराने ताटात पोळी सोडली, तर मी ती डब्यात ठेवीन, तोंडात टाकणार नाही.' 'जर सीरियल लागली, तर मी हातात भाजी निवडायला घेईन.' 'जर हळदीकुंकवाला गेले आणि आग्रह झाला, तर म्हणेन, अर्धा द्या, बाकीचा घरी नेते.' दहा संकल्प नकोत. एकच घ्या आणि घरात मोठ्याने सांगा.

आणि धीर धरा. २००९ साली लंडनमध्ये ९६ माणसांच्या सवयी मोजल्या. नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या अंदाजाने ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवसांचा हिशेब निघाला. तीत एक दिलासाही आहे : एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

हा दिलासा जपून ठेवा, कारण आपल्याला बुडवतं ते 'आता मोडलंच आहे तर' हे वाक्य. लग्नात एक जिलेबी खाल्ली, पथ्य मोडलं, मग आणखी पाच. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींवर प्रयोग करून हेच पाहिलं. ज्या मुली एरवी खाण्यावर कडक पहारा ठेवत होत्या, त्यांना आधी घट्ट गोड दूध प्यायला दिलं तर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी न खाता उलट जास्तच खाल्लं. पहारा जितका कडक, तितकी फूट मोठी. तेव्हा एक जिलेबी खाल्ली तर ती एक जिलेबी. पुढचं जेवण नेहमीसारखं. दंड म्हणून उपाशी राहायचं नाही.

वही आणि बैठक

१९६७ साली अमेरिकेत रिचर्ड स्टुअर्ट यांनी ८ बायांबरोबर वर्षभर काम केलं. त्यांनी कुठलंही औषध दिलं नाही. खाल्लेलं लिहून ठेवा, एकाच ठरलेल्या जागी बसून खा, खाताना दुसरं काही करू नका, मध्ये थांबत थांबत खा, एवढंच. आठहीजणींचं वजन उतरलं. आठ हा आकडा लहान आहे, पण या साध्या गोष्टी अजूनही सल्लागार वापरतात. आणि आपल्याला त्या सोप्या आहेत. रुपया-रुपया वहीत मांडणाऱ्या आपण! आठ दिवस नुसतं मांडा : कधी खाल्लं, बसून की उभ्याने, भूक होती की राग. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाने रेघ ओढा, उभ्याने खाल्लं की एक रेघ. कुणाला दाखवायची नाही. आठ दिवसांत साखळी कुठे अडकलीय ते आपलं आपल्याला दिसतं.

यात सगळ्यात अवघड काय, सांगू? फुटाणे आणणं सोपं आहे. अवघड आहे ते घरातल्या सगळ्यांबरोबर, त्याच वेळी, खाली बसून जेवणं. आपण शेवटी जेवतो म्हणून भुकेजून जेवतो, म्हणून घाईने जेवतो, म्हणून उरलेलं आपलं होतं. एकत्र बसायचं तर भाकरी आधी करून टोपलीत झाकून ठेवाव्या लागतील, पुरुषांना आणि पोरांना हाताने वाढून घ्यावं लागेल, प्रत्येकाला लागेल तेवढंच ताटात घ्यावं लागेल. 'गरमच पाहिजे' म्हणणाऱ्याशी बोलावं लागेल. म्हणजे शुगरचं पथ्य फिरून आलं कुठे, तर घरातल्या बरोबरीपाशी. आपल्या शुगरची चिठ्ठी घरात दाखवून हे मागायला काय हरकत आहे?

एक सावधगिरी. कुणी वारंवार, लपून, थांबवताच येत नाही असं खात असेल, नंतर ओकारी काढत असेल किंवा एखादी पोरगी जाड होण्याच्या भीतीने जेवणच टाकत असेल, तर तो नखरा समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फोन फुकट. पोरींना 'जाडी' म्हणून चिडवणं मात्र आजच्या आज बंद. चिडवून कुणी बारीक होत नाही, ती चोरून खायला शिकते.

शेवटी गटासाठी दोन ठराव सुचवते, पटले तर घ्या. एक, आपल्या बैठकीत समोसा आणि साखरेच्या चहाऐवजी फुटाणे, ताक किंवा उसळ ठेवायची. दर महिन्याला वर्गणीनंतर पाच मिनिटं प्रत्येकीने आपला 'जर-तर' टिकला का ते सांगायचं. वजन सांगायची सक्ती नाही. दोन, पुढच्या बैठकीपर्यंत आठवड्यातून निदान एक जेवण घरातल्या सगळ्यांबरोबर बसून करायचं, आणि घरात कोण काय म्हणालं ते इथे येऊन सांगायचं. ते ऐकायला मी पुढच्या बैठकीला नक्की येईन. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि जेवणाची वेळ झालीय, तेव्हा वाढणाऱ्या बायांनाही आपल्याबरोबरच बसवून घ्या.